नळीमागच्या रेघा

चौदा वर्षं मी डोंगरातल्या बायांना सांगत आले, की सुई मुंगीएवढीच चावते. नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून शिबिराच्या दिवशी सगळ्यांत आधी मी स्वतःचं बोट पुढे करायची. तपासणारा सुई टोचायचा, रक्ताचा थेंब वर यायचा, तो मी सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, "पाहा, मेली का मी?" बाया हसायच्या. मग मी तो थेंब कापसानं पुसून टाकायची आणि रांग सुरू व्हायची.

तो थेंब नळीत कधी गेला नाही. माझंही रक्त तपासायला हवं, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मी दवनीवाड्याची, माहेर कामठ्याचं. दोन्हीकडे धानाची शेती, दोन्हीकडे पोवारांची नांदती घरं. आपले पूर्वज माळव्यातून आले, हे आमच्याकडे लग्नाच्या मांडवात कोणीतरी सांगतंच. आमच्या घरच्या बाया नोकरी करत नव्हत्या. मी धरली, तीही सालेकशाच्या पलीकडे, डोंगरातल्या गोंडांच्या गावांत. सासूबाई होत्या तोवर रोज विचारायच्या, "कायले जाऊन राहिली वो तू त्या जंगलात? घरी काय कमी हाय?" मी हसून डबा भरायची. दवनीवाड्याहून एसटीनं गोंदिया, तिथून पॅसेंजरनं सालेकसा, पुढे मिळेल त्या जीपनं वर. आठवड्यातले चार दिवस असे जायचे.

वरच्या सात गावांतल्या बायांनी मिळून एक मंडळ उभं केलं होतं. त्यांना लिहिणारी, तालुक्याला जाऊन साहेबांशी बोलणारी, सभा घेणारी कोणीतरी हवी होती. ती मी.

मंडळाचं वर्ष मी होळीच्या आधीपासून मोजते. तेव्हा जंगलात जाळरेषा काढायच्या असतात. वणवा पुढे सरकू नये म्हणून पाचोळा झाडून रुंद पट्टा मोकळा करायचा, हे काम बाया करतात. मग मोहफुलं येतात आणि महिनाभर सभेला कोणी येत नाही. सगळं गाव टोपल्या घेऊन पहाटे झाडाखाली असतं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. पावसाच्या तोंडावर कोदो, कुटकी या भरडधान्यांच्या आणि जुन्या धानाच्या बियाण्याची अदलाबदल. प्रत्येक घरानं एक तरी पायली आणायची, दुसरी न्यायची. पावसाळाभर हिवतापाची लढाई, मच्छरदाण्या, नाल्याला पूर आला की तुटलेली गावं. धान कापून घरात आलं की दिवाळी, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा. गावोगाव रात्रभर दंडारीचे खेळ होतात, पाहुणे येतात, आणि पाहुण्यांबरोबर सोयरिकी येतात. म्हणून मंडई संपली की लगेच आमचं सिकलसेलचं शिबिर असायचं. लग्नं ठरायच्या आत.

या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हातपाय ठणकतात, ताप येतो, लेकरू वाळतं. मी सभेत सांगायची, की आईबापापैकी एकच वाहक असला तर लेकराला आजार होत नाही; दोघंही वाहक असले तर होऊ शकतो. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला कळतच नाही. कळायला एकच वाट, ती म्हणजे तपासणी. वाहकाला पिवळं कार्ड, आजारी असेल त्याला लाल, बाकीच्यांना पांढरं. "पत्रिका नका पाहू, कार्ड पाहा," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

आणि आणखी एक शब्द मी तितक्याच वेळा वापरला होता. "तुमच्यात." तुमच्यात हा आजार असतो. तुमच्यात तपासणी गरजेची आहे. आपण असं बोलतो, हे तेव्हा माझ्या कानाला कधी लागलं नाही.

सगळ्यांत वरच्या गावात एक म्हातारी होती, मंडळाची पहिली सभासद. सगळे तिला बुढीमाय म्हणायचे, मीही. शाळेत कधी गेली नव्हती, पण शिबिरात रक्ताच्या नळ्या वाचायला ती माझ्याइतकीच तरबेज झाली होती. तिच्या नातीचं कार्ड लाल. थंडी पडली की ती पोरगी गुडघे पोटाशी घेऊन दोन-दोन दिवस कण्हायची. आम्ही तिला कितीदा तरी खाटेवर घालून खाली रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. तिची गोष्ट मी सगळीकडे सांगायची. दुसऱ्या गावांत, तालुक्याच्या बैठकीत, गोंदियाच्या कॉलेजांत, पडद्यावर तिचा फोटो दाखवून. लोकांचे डोळे भरून यायचे. एकदा बुढीमाय मला म्हणाली, "माझ्या नातीचं दुखणं तू खाली सांगून राहिली म्हणे?"

"लोकांना समजावं म्हणून सांगते, माय."

"हाव. पण तिले विचारलं होतं का?"

मी काहीतरी बोलून विषय बदलला. तेव्हा ती पोरगी दहा-अकरा वर्षांची होती. तिला काय विचारायचं, असं मला वाटलं.

त्या वर्षीचं शिबिर बुढीमायच्याच गावात, समाजमंदिराच्या ओसरीवर होतं. तपासणीला नवीन बाई आल्या होत्या. गोंदियातच वाढलेल्या, हिंदी बोलणाऱ्या, कामाला कडक. मी नेहमीप्रमाणे बोट पुढे केलं, थेंब दाखवला, बाया हसल्या. मी कापूस उचलला, तर बाईंनी माझा हात धरला.

"मॅडम, सॅम्पल वेस्ट नहीं करते. ब्लड निकला है तो टेस्ट भी होगा."

"अहो, मला कशाला? मी तर नुसतं दाखवायला."

"नाम बताइए." त्यांनी नळीनं थेंब उचललाही होता.

मला गंमत वाटली. मी नाव सांगितलं, ते त्यांनी यादीत पहिल्या नंबरवर लिहिलं. थेंब औषधाच्या नळीत गेला, नळी स्टँडवर उभी राहिली. तिच्यामागे जाड काळ्या रेघांचा कागद लावलेला असतो. पाच मिनिटांनी त्या रेघा नळीतून आरपार दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर काहीतरी आहे, पुढची मोठी तपासणी करायची. मी रांगेकडे वळले, दोन पोरींची नावं लिहिली, एका बाईच्या कडेवरचं रडतं लेकरू घेतलं. ते लेकरू माझ्या खांद्यावर असतानाच मी सहज स्टँडकडे पाहिलं.

पहिल्या नळीतून रेघा दिसत नव्हत्या.

मी वाकून पाहिलं. उजेडाकडे पाठ करून पाहिलं. शेजारच्या नळीतून रेघा स्पष्ट दिसत होत्या, माझ्या नळीत ताकासारखं पांढुरकं गढूळ होतं. माझ्या शेजारी बुढीमाय बसलेली. तिनंही पाहिलं. तिला आडवळणानं बोलता येत नाही.

"रेघा नाई दिसत वो बाई," ती म्हणाली.

तपासणीच्या बाई खालच्या आवाजात बोलल्या, "अभी पक्का नहीं है, मॅडम. बड़ी जाँच में भेजती हूँ."

कोणाचीही नळी गढूळ आली की त्या माणसाला काय सांगायचं, हे मला पाठ होतं. घाबरू नका, हा शेवट नाही, वाहक असाल तर तुम्हाला काहीच होत नाही. त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही. माझ्या तोंडून जे आलं ते मी आजही विसरू शकत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "औषध खराब झालं असेल. माझं कसं येईल? मी पोवार आहे. आमच्यात हे नसतं."

ओसरीवर चाळीस-पन्नास माणसं होती. त्यांत आया होत्या, ज्यांच्या लेकरांची लाल कार्डं मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. म्हातारे होते, ज्यांच्या घरी मी जेवले होते. चौदा वर्षांत मी त्यांना काय समजत होते, ते त्यांना एका दमात ऐकू आलं. मलाही तेव्हाच ऐकू आलं.

बुढीमाय रागावली नाही. तिनं माझ्या कडेवरचं लेकरू काढून घेतलं आणि म्हणाली, "रक्ताले काय मालूम बाई, तू कोण हाय तं?" मग लोट्यातून पाणी दिलं. "बस. पानी पे."

मी बसले. उरलेला दिवस नावं तिनं पुकारली, गावातल्या एका शिकलेल्या सुनेनं लिहिली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मला खरी भीती आली. माझी मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती.

तिरोड्याला दिलेली ती, एकुलती एक. जावई बोदलकशाकडच्या एका गावात शिक्षक. लग्न दीड वर्षापूर्वी झालं होतं. सात गावांत मी कार्ड पाहिल्याशिवाय सोयरीक होऊ देत नव्हते, भांडून थांबवत होते. आणि माझ्या मुलीच्या वेळी मी काय पाहिलं? मुलाची नोकरी, घर, त्याच्या आईचा स्वभाव. जेवणात पनीर ठेवायचं की नाही यावर आम्ही दोन दिवस बोललो होतो. कार्डाचा विषय निघालाच नाही. मी वाहक असले तर मुलगीही असू शकते. जावईही असला तर? पोटातल्या लेकराचं काय? हा हिशेब मी शेकडो लोकांना फळ्यावर काढून दाखवला होता. आता खिडकीच्या काचेवर बोटानं काढून पाहत होते आणि चौथ्या, आजारी लेकराच्या खणात आलं की बोट थांबत होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते धानाची पोती रचून नुकतेच आले होते. त्यांनी हातपाय धुतले. मग म्हणाले, "तुझ्या माहेरी कोणाले होतं का असं?"

"नाही."

असं म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला माझा भाऊ आठवला.

तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होता. मी पाच वर्षांची असताना गेला. विषमज्वरानं गेला, असं आमच्या घरात सांगत. मला त्याचा चेहरा आठवत नाही. एवढंच आठवतं, की वडील त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत आणि तो "पाय, पाय" म्हणून रडे. आई तव्यावर कोंडा गरम करून फडक्यात बांधायची आणि त्याच्या पोटऱ्या शेकायची. चौदा वर्षं मी सभांमधून विचारत आले, की लेकराचे हातपाय ठणकतात का, थंडीत जास्त रडतं का, डोळे पिवळे दिसतात का. ते विचारताना मला माझा भाऊ एकदाही दिसला नाही. कसा दिसला नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामठ्याला गेले. आई माझ्या दुसऱ्या भावाकडे राहते. ऐंशी वर्षांची, पण लख्ख. परसात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले, दोन मूठ शेंगा सोलल्या आणि विचारलं, "आई, दादा कशानं गेला होता?"

तिचे हात थांबले नाहीत. "विषमज्वर."

"आई, माझ्या रक्तात दोष निघाला काल. सिकलसेलचा."

आता हात थांबले. तिनं सूप बाजूला सारलं, दाराकडे पाहिलं, वहिनी जवळ नाही याची खात्री केली. मग अगदी हळू म्हणाली, "डाक्टरनं म्हटलं होतं, रक्ताचं आहे म्हणून. नागपूरले नेलं होतं त्याले. आईबापाच्या रक्तातून येते म्हणे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुह्या आजानं म्हटलं, हे घराबाहेर नाई गेलं पाहिजे. दोन पोरी आहेत, त्यांचे लगन व्हायचे आहेत. ह्या जंगलातल्या लोकायचा रोग आपल्या घरात निघाला म्हटल्यावर कोण करीन?"

"मग मला तरी सांगायचं होतंस. मी चौदा वर्षांपासून हेच काम करते, आई. तुला माहीत होतं ना मी काय करते ते?"

"मालूम होतं." ती रडत नव्हती. "तू सांगत जाय ना, शिबिर लावलं, तपासलं. मी आयकत जाव. मले वाटे, आज सांगतो, उद्या सांगतो. मंग वाटे, आता काय सांगू? तुहं लगन झालं, पोरगी झाली, चांगली झाली. देवानं राखलं."

तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आली, हे ती एरवी करत नाही.

मोठ्या तपासणीचा अहवाल यायला आठवडा लागला. वाहक. माझ्या नावाचं पिवळं कार्ड तयार झालं. तोवर मी मुलीला फोनवर काहीच बोलले नव्हते. ती रोज विचारायची, "आई, आवाज का असा?" मी सर्दी म्हणायची. कार्ड हातात आल्यावर मी तिरोड्याची एसटी धरली.

ती दुपारची झोपून उठली होती. मला पाहून दचकली, कारण न कळवता मी कधी जात नाही. तिनं चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. शिबिर, नळी, मामा, आजी, कार्ड. शेवटी म्हणाले, "घाबरू नको. आधी तुझी तपासणी करू. तू वाहक नसशील तर काहीच प्रश्न नाही. असलीस तर त्यांची करू. आता लवकर कळतं, डॉक्टर मार्ग सांगतात." शेवटी मला ती वाक्यं आठवली होती.

ती आत गेली. कपाटाचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. तिनं ती उघडून माझ्यापुढे ठेवली. आत दोन कार्डं होती. तिचं पिवळं आणि जावयाचं पांढरं.

मी ती उचलून उजेडात धरली.

"हे कधीचं?"

"माझं कॉलेजातलं. दुसऱ्या वर्षाला सगळ्यांची तपासणी झाली होती."

"म्हणजे पाच वर्षं झाली?"

"हो. यांचं साखरपुड्याच्या आधीचं. आम्ही बोदलकशाच्या तलावावर फिरायला गेलो होतो ना, तेव्हा मीच सांगितलं. म्हटलं, तुमचं पिवळं आलं तर पुढे जायचं नाही. हे दुसऱ्याच दिवशी जाऊन तपासून आले."

म्हणजे माझ्या नातवाला धोका नव्हता. मोठा श्वास सुटायला हवा होता. तो सुटला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "तू सभेत सांगितलं असतंस."

"काय?"

"आई, तू आमच्या कॉलेजात आली होतीस. त्या वरच्या गावातल्या पोरीचा फोटो पडद्यावर लावला होतास. ती खाटेवर रडून राहिली आहे, असा फोटो. माझ्या मैत्रिणी मला म्हणाल्या, तुझी आई किती छान बोलते. मला त्या पोरीची लाज वाटली. म्हणजे तिची नाही, आपली. त्याच महिन्यात माझं कार्ड आलं. मी विचार केला, हे आईला कळलं तर पुढच्या सभेत ती म्हणणार, माझी स्वतःची मुलगी... आणि सगळे माझ्याकडे पाहणार. मला तुझी गोष्ट नव्हतं व्हायचं."

मी म्हणाले, "मी असं केलं नसतं."

"केलं असतंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आणि दुसरं म्हणजे, तू नेहमी म्हणायचीस, त्यांच्यात असतं. मग तुला कसं सांगू, की आपल्यात आहे? तुझ्याकडून आलं का बाबांकडून, तेही मला माहीत नव्हतं. विचारीन विचारीन म्हणून राहून गेलं."

बाहेर जावयाची मोटरसायकल थांबली. तो आत आला, फाइल उघडी पाहिली आणि दारातच उभा राहिला. मग माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, जेवूनच जा." त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. मीच एकटी पाहुणी होते.

नवऱ्यानं मी न सांगता स्वतःच जाऊन रक्त दिलं. त्यांचं पांढरं आलं. कार्ड माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "म्हणजे आपण वाचलो." मुलगी होण्याच्या वेळी त्यांचंही पिवळं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघं त्या संध्याकाळी प्रथमच बोललो. कधीच टळून गेलेल्या गोष्टीची मला अशी भीती वाटली, की त्यांनी उठून माझ्या अंगावर शाल टाकली.

फाल्गुन लागायच्या आधी जाळरेषांचं काम आलं. मी वर गेले. तोवर दोन महिने मी टाळलं होतं, कागद खालूनच पाठवत होते. बाया डहाळ्यांचे झाडू घेऊन पाचोळा लोटत होत्या. बुढीमायच्या शेजारी मी झाडू घेऊन उभी राहिले. बराच पट्टा झाडून झाल्यावर म्हणाले, "माय, त्या दिवशी मी जे बोलले, ते चुकीचं बोलले."

"हाव, चुकीचंच होतं," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

"आणि तुझ्या नातीची गोष्ट मी न विचारता सांगत आले. तेही."

"ते मले कायले सांगतस? तिले सांग ना."

नात पुढे मडक्यातून सगळ्यांना पाणी देत होती. चांगली पंधरा वर्षांची झाली होती. मी तिच्याजवळ जाऊन जसं जमलं तसं बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो फोटो अजून हाय का तुमच्याजवळ?"

"आहे."

"हटवा मंग. त्याच्यात मी लय खराब दिसतो."

मी तिथंच मोबाइल काढून तिच्यासमोर फोटो पुसला. ती पुढच्या बाईला पाणी द्यायला गेली.

मंडळाच्या वार्षिक सभेत बुढीमायनं उठून सांगितलं, की औंदा एक शिबिर खाली, दवनीवाड्यात लावायचं. कोणी विरोध केला नाही. मंडई झाल्यावर आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात टेबलं मांडली. वरून बुढीमाय आणि आणखी तिघी पहिल्यांदाच माझ्या गावात आल्या. मी घरोघर फिरले होते. माझ्या सख्ख्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आमच्यात नाई होत वो हे. तुह्यात कसं निघालं कोण जाणे." लोक रस्त्यावरून पाहत जात होते, वऱ्हांड्यात कोणी चढत नव्हतं.

अकराच्या सुमारास एक ऑटो थांबला आणि त्यातून माझी आई उतरली. मी तिला बोलावलं नव्हतं. काठी टेकत ती पायऱ्या चढली, टेबलाशी बसली आणि हात पुढे केला. थेंब निघाल्यावर तिनं मागे वळून रस्त्यावरच्या बायांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "माझा मोठा पोरगा याच्यानंच गेला. आम्ही लपवलं."

एवढंच बोलली. रस्त्यावर कोणी हललं नाही. मग दोघी वर आल्या, मग एक सासू-सून. दिवसभरात तेरा जणांची तपासणी झाली, बस तेवढीच. आईची नळी गढूळ आली. ती बुढीमायनं वाचली.

माझा भाऊ त्यानंतर दोन महिने आमच्याशी बोलला नाही. त्याच्या मुलीची सोयरीक चालू होती आणि आईनं सगळं उघड केलं, असं त्याचं म्हणणं. ती सोयरीक मोडली. दुसरी जुळली, कार्ड पाहून. आता तो बोलतो, पण आईला ऑटो आणून देत नाही; कुठं जायचं म्हटलं की स्वतः सोबत येतो.

मुलीला मुलगा झाला. त्याचं रक्त तपासलं. कार्डाचा रंग मी इथं लिहिणार नाही. हे सगळं लिहून झाल्यावर कागद मी मुलीकडे पाठवले होते. तिनं चार दिवस ठेवून घेतले, दोन परिच्छेदांवर काट मारली आणि बाकीचं राहू दे म्हणाली. ते दोन्ही मी काढून टाकले.